रोल, पम्पकिन, रोल! लहान मुलांचे इंग्रजी उच्चार गोष्टीतून आणि तालातून कसे घ्यायचे

मुंबईतल्या मराठी घरातल्या सहा-सात वर्षांच्या मुलाला इंग्रजी शब्द येत नाहीत असं आता फारसं होत नाही. लिफ्ट, चार्जर, टायगर, बर्थडे, सगळं येतं. राज्यात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी 2000 साली सुरू झालं, म्हणजे आत्ताच्या काही आईबाबांनी स्वतःच पहिलीपासून इंग्रजी शिकलेलं आहे. तरीपण मूल एक अख्खं वाक्य बोललं की नवीन माणूस "काय म्हणालास?" विचारतो, आणि मग आई लगेच एकेक शब्द सुटा करून घोटून घेते, थ असा म्हण, व्ह असा म्हण, आणि मूल गप्प होतं ते होतंच.

मी परळला संध्याकाळी छोट्या मुलांचे ग्रुप घेते, पाच ते नऊ वयाची मुलं, दहा बाय बाराची खोली. माझं स्पष्ट मत आहे की आपण उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी स्पेलिंग, मग एकेक आवाज, आणि ताल तर कोणी शिकवतच नाही. खरं म्हणजे आधी ताल, मग आवाज, आणि अक्षरं सगळ्यात शेवटी. आणि ताल पक्का करायला गोष्टीसारखं दुसरं काही नाही, कारण गोष्टीत तेच वाक्य दहा वेळा आलं तरी मूल कंटाळत नाही, उलट तुम्ही चुकून गाळलंत तर भांडतं.

आधी तालाचं काय ते समजून घ्या

मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला सारखा वेळ देतो, त्यामुळे वाक्य लांबलं की वेळही वाढतो. इंग्रजीत काही अक्षरांवर जोर असतो आणि मधली सगळी पटकन उरकली जातात. करून बघा. टाळी वाजवत म्हणा, "क्रोज ईट पाव." तीन शब्द, तीन टाळ्या. आता "द क्रोज ईट द पाव." टाळ्या तीनच. मग "द क्रोज हॅव ईटन द पाव." आणि शेवटी "द क्रोज हॅव बीन ईटिंग द पाव." तरीही टाळ्या तीनच, क्रोज वर, ईट वर, पाव वर, आणि टाळ्यांमधलं अंतर जवळपास तेवढंच ठेवायचं. मधलं "हॅव बीन" तोंडातल्या तोंडात "अव् बिन" होऊन जातं. आपली मुलं "हॅव" पण ठासून, "बीन" पण ठासून, "द" पण ठासून म्हणतात, म्हणून प्रत्येक शब्द बरोबर असूनही वाक्य कळत नाही.

मुलांना हे समजावायला मी फास्ट लोकल वापरते. फास्ट लोकल दादरला थांबते, माटुंगा-सायन नुसते खिडकीतून जातात. जोराचं अक्षर म्हणजे दादर. मग खेळ: "बनाना" साठी तीन मुलं ओळीत, मधलं उभं, बाजूची दोन उकिडवी. उभ्या मुलापाशी आवाज मोठा आणि लांब, बसलेल्यांपाशी बारीक. ब-नाSS-न. मराठीत आपण ब, ना, ना तिन्ही नीट म्हणतो, इंग्रजीत पहिलं आणि शेवटचं दोन्ही पुसट "अ" वर जातात. "टोमॅटो" ला कोण उभं राहणार यावर मुलं स्वतः वाद घालतात, घालू द्या, तेव्हाच कान तयार होतो. उत्तर मधलं. "हॉटेल" ला मात्र बहुतेक सगळे पहिल्याला उभं करतात कारण आपण तसंच म्हणतो, इंग्रजीत ते दुसरं आहे, हो-टेSSल. "चॉकलेट" ला दोनच मुलं पुरतात, पहिलं उभं, दुसरं बसलेलं, चॉक-लट, मधला एक गाळलेलाच असतो.

गोष्ट कुठली घ्यायची

माहीत असलेली. नवीन गोष्ट, नवीन शब्द, नवीन उच्चार असं तिन्ही एकदम टाकलं की मूल अर्थ शोधण्यातच दमतं. मी भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट घेते, जी घरी आजीने मराठीत सांगितलेली असते, नसेल तर आधी आजीलाच सांगायला लावते. भोपळा टुणुक टुणुक जातो तो ताल मुलांच्या अंगात असतोच, आपण त्यावर फक्त इंग्रजी बसवायचं. चिऊ-काऊचं दार उघड पण चालतं. निकष एवढाच की एक वाक्य परत परत यायला हवं, पात्रं दोन-तीन हवीत, आणि आवाज काढायला वाव हवा. तात्पर्यवाल्या गोष्टी शक्यतो नको, त्यात वाक्यं लांब आणि उपदेशी असतात.

मी घेते ती वाक्यं अशी. "अन ओल्ड वुमन वेंट टु सी हर डॉटर. शी मेट अ टायगर." वाघ म्हणतो, "आयम हंग्री. आय वॉन्ट टु ईट यू!" म्हातारी म्हणते, "वेट, टायगर, वेट! आयम व्हेरी, व्हेरी थिन." परत येताना भोपळा, वाघ विचारतो, "हॅव यू सीन द ओल्ड वुमन?" आणि आतून आवाज, "नो, नो, नॉट मी! रोल, पम्पकिन, रोल!" वाघाच्या जागी मग कोल्हा आणा, अस्वल आणा, वाक्यं तीच.

बघा, म्हातारीच्या एका वाक्यात व आहे, व्ह आहे, थ आहे. हे मुद्दाम केलंय. गोष्ट रचताना जे आवाज घ्यायचे आहेत ते परत येणाऱ्या ओळीतच टाका, बाकी गोष्टीत कसेही येऊ देत.

पहिले तीन-चार दिवस: नुसतं ऐकणं

रोज पंधरा मिनिटं पुरे. पहिले काही दिवस मुलांकडून काहीही बोलून घ्यायचं नाही, आपण सांगायचं आणि त्यांनी अ‍ॅक्शन करायची. थिन म्हटलं की गाल आत, रोल म्हटलं की हाताची चक्री, वेट म्हटलं की तळहात पुढे. पालकांना हे वाया गेल्यासारखं वाटतं, "मॅडम, अजून काही बोलत नाही तो." बोलेल. एखादं मूल तिसऱ्या दिवशीच न सांगता "रोल" ओरडतं, एखादं दोन आठवडे गप्प असतं आणि मग घरी बाथरूममध्ये अख्खी गोष्ट म्हणतं.

तुमचा स्वतःचा उच्चार पक्का नसेल तर लाजू नका पण अंदाजाने पण जाऊ नका. केंब्रिज आणि ऑक्सफर्डच्या डिक्शनऱ्या ऑनलाइन फुकट आहेत, शब्दापुढे स्पीकरचं चित्र असतं, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही ऐकता येतं. एकच निवडा आणि त्यावर राहा. गोष्टीतले वीसेक शब्द आदल्या रात्री ऐकून घेतले की झालं. आणि हो, आपल्याला मुलाला परदेशी अ‍ॅक्सेंट द्यायचा नाहीये, नाकात बोलणारी सात वर्षांची मुलं बघवत नाहीत. दादरचं मूल दादरचंच वाटू दे, फक्त समोरच्याला एकदाच ऐकून कळलं पाहिजे.

मग ताल बसवायचा

चार ठोक्यांचा घास करा. "वेट, टायगर, वेट" आणि चौथा ठोका रिकामा. "रोल, पम्पकिन, रोल" आणि चौथा रिकामा. "आयम व्हेरी, व्हेरी थिन," इथेही व्हे, व्हे, थिन आणि रिकामा. त्या रिकाम्या ठोक्यावर मुलांनी मांडीवर थाप मारायची. लेझीम केलेल्या मुलांना हे सांगावंही लागत नाही. आमच्याकडे खालचे काका संध्याकाळी झोपलेले असतात म्हणून टाळ्यांऐवजी चुटक्या, आणि खरं सांगायचं तर चुटक्यांनी काम जास्त चांगलं होतं, कारण टाळ्यांच्या दणदणाटात पुसट अक्षरं ऐकूच येत नाहीत.

लांब वाक्य अडखळत असेल तर शेवटाकडून बांधायचं. आधी "थिन". मग "व्हेरी थिन". मग "व्हेरी, व्हेरी थिन". मग पूर्ण. पुढून बांधलं तर मूल शेवटापर्यंत दमतं आणि आवाज मध्येच पडतो, मागून बांधलं की ते प्रत्येक वेळी ओळखीच्या जागी येऊन थांबतं. ही एकच युक्ती घेतलीत तरी फरक पडेल.

वर्गात पन्नास मुलं असतील, जशी महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळांत असतात, तर दोन भाग करा. अर्धी मुलं हळू आवाजात "रोल, पम्पकिन, रोल" चालू ठेवतात आणि उरलेली त्यावर वाघ-म्हातारीचं बोलणं म्हणतात, मग अदलाबदल. आरतीला मागून साथ देतात ना तसंच, मुलांना माहीत आहे कसं धरून ठेवायचं. लाजाळू मुलं घोळक्यात पहिल्यांदा तोंड उघडतात, म्हणून एकेकट्याला उभं करून म्हणायला लावणं महिनाभर तरी टाळाच.

प्रश्नाचा सूरही इथेच घ्या. "हॅव यू सीन" ला शेवट वर जातो, "व्हेअर आर यू गोइंग" ला खाली येतो. भुवया आणि हात वर-खाली केले की पुरतं, नियम सांगू नका.

पुसट "अ", ज्याच्यावर सगळं अडतं

इंग्रजीत सगळ्यात जास्त येणारा स्वर हाच, आणि तो आपल्याकडे आयता आहे. तरी मुलं "ए टायगर" म्हणतात कारण वहीत ए हे अक्षर बघितलेलं असतं. "अ टायगर" म्हणायचं. "टु सी" मधला टु पण जवळपास "ट" च. "अँड" चं तर काही शिकवायलाच नको, आपण "तू अन् मी" म्हणतो तोच अन् तिथे लावा, "ब्रेड अन् बटर". हे पालकांना सांगितलं की त्यांना वाटतं मी चुकीचं, गावठी शिकवतेय. डिक्शनरीचा स्पीकर दाबून दाखवा, वाद मिटतो.

आता आवाज, पण सगळे नाही

इंग्रजीत अक्षरं 26 आणि आवाज साधारण 44. सगळ्यांच्या मागे लागायचं नाही. माझा क्रम असा.

पहिलं व आणि व्ह. आपण लिहिताना वॉच आणि व्हॅन वेगळं लिहितो पण बोलताना दोन्ही एकाच व ने उरकतो. व्ह साठी वरचे दात खालच्या ओठावर हलके टेकवायचे आणि आवाज चालू ठेवायचा, ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत. व साठी दातांचा संबंधच नाही, ओठांचा चंबू. सोपा रस्ता म्हणजे ऊ पासून जायचं: ऊ-एट, ऊ-एट, वेट. छोटा आरसा हातात द्या, मुलं स्वतःच दात दिसतात का बघतात. मग म्हातारीचं वाक्य आरशात: वेट ला चंबू, व्हेरी ला दात. "वुमन" हा शब्द मात्र शेवटपर्यंत छळतो, "उमन" येतं, सोडून द्या, मोठं झाल्यावर येईल.

दुसरं, शब्दाचा शेवट. मिल्क चं मिलक, फिल्म चं फिलिम, आस्क चं आक्स, डेस्क चं डेक्स. इथेही मागून बांधणी: क्, ल्क्, इल्क्, मिल्क्. आणि अनेकवचनाचा शेवट: कॅट्स मध्ये स, पण डॉग्ज, क्रोज मध्ये ज, तोही "माझा" मधल्या झ च्या जवळचा. मराठी मुलाला "झू" म्हणता येत नाही आणि "जू" येतं तेव्हा त्याला "माझा, माझा, झाड" म्हणायला लावा आणि तिथूनच झू कडे न्या, जीभ थोडी सैल सोडली की झालं. पाण्याचा जग आणि जग फिरायचं, हे दोन ज तो रोज वेगळे म्हणतोच आहे.

तिसरं, ऱ्हस्व-दीर्घ. आपण लिहिण्यात इ आणि ई बघतो पण बोलताना फारसं पाळत नाही, त्यामुळे शिप आणि शीप एकच होतं. केसांचं रबर द्या, शीप ला ताणायचं आणि ओठही हसल्यासारखे ताणायचे, शिप ला रबर आणि तोंड दोन्ही सैल. फुल आणि फूल चंही तसंच.

प चा फुंकर हा एक मजेचा प्रकार आहे. इंग्रजीत जोराच्या अक्षराच्या सुरुवातीला प, ट, क आले की त्याच्याबरोबर हवा सुटते, नाही सुटली तर परक्या माणसाला पिन चं बिन ऐकू येतं. वर्तमानपत्राची बारीक पट्टी तोंडासमोर धरा, "पम्पकिन" म्हटल्यावर पट्टी उडाली पाहिजे. मात्र "फ म्हण" असं कधी सांगू नका, कारण आपल्याकडे आता बहुतेक मुलांचा फ दात-ओठांतून येतो आणि भोपळ्याचं "फम्पकिन" होऊन बसतं. पट्टीच शिकवते, आपण गप्प बसायचं.

थ ला सगळे उगाच घाबरतात. थिन साठी जीभ दातांमध्ये किंचित बाहेर काढून हवा सोडायची, मुलांना जीभ दाखवायची परवानगी मिळाली म्हणून ती खूश असतात. पण आपला साधा थ आला तरी कळायला काही अडत नाही, आणि ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्या मुलांनाही हा आवाज उशिराच जमतो. शिवाय सहा-सात वर्षांत पुढचे दुधाचे दात पडलेले असतात! खिंडारातून थ, स, फ सगळंच वेगळं येतं. तेव्हा हसायचं आणि पुढे जायचं.

मुंबईच्या वर्गात सगळी मुलं मराठी घरातली नसतातच. एखादं "इस्कूल" म्हणत असेल तर त्याला आधी सापासारखं लांब "स्स्स्स" काढू द्या आणि तसंच न थांबता "कूल" ला जोडा. बाकीच्यांना हसू देऊ नका. त्याच मुलाला बाकी काही आवाज तुमच्यापेक्षा चांगले येत असतील, ते त्याला वर्गाला शिकवायला लावा.

चूक झाली की काय करायचं

थांबवायचं नाही. मूल म्हणालं "ए टायगर कम", तर आपण वाघाला घाबरल्यासारखं करून म्हणायचं, "अ टायगर? अ टायगर केम? व्हेअर?" बरोबर रूप त्याच्या कानावर गेलं, गोष्टही चालू राहिली. एका वेळी एकच गोष्ट पकडायची. आज व्ह चा दिवस असेल तर थ कडे कानाडोळा.

अक्षरं कधी

दोन-तीन आठवड्यांनी गोष्ट तोंडात बसली की मगच छापलेला कागद. आधी दिला तर "वॉक" चं "वाल्क" आणि "लिसन" चं "लिस्टन" होणार, कारण डोळा कानाला हरवतो. आवाजांवरून वाचायला शिकवताना बऱ्याच ठिकाणी स, अ‍ॅ, ट, प, इ, न या आवाजांपासून सुरुवात करतात, कारण तेवढ्यातच बरेच छोटे शब्द तयार होतात. तिथे आपली एक सवय आड येते, आपण ब म्हणताना त्यात अ धरूनच म्हणतो, मग बॅट चं "ब-अ‍ॅ-ट" जोडताना "बअ‍ॅटअ" होतं. मुलांना पाय मोडायला सांगा. ब्, ट्, प्. पाय मोडलेलं अक्षर त्यांनी मराठीत बघितलेलं असतं, लगेच कळतं.

याच टप्प्यावर भूतकाळाचे शेवट घ्या, गोष्ट आधीच भूतकाळात आहे. रोल्ड ला शेवटी ड, जम्प्ड असं लिहिलेलं म्हणताना मात्र जम्प्ट, आणि वॉन्टेड ला इड. नियम हवाच असेल तर आपल्या वर्णमालेतच आहे: क ख, च छ, प फ पाय मोडून म्हणताना घशाला हात लावला तर थरथर नाही, ग, ज, ब ला आहे. क्रियापदाचा शेवटचा आवाज थरथरत असेल तर ड, नसेल तर ट, आणि तो आवाजच ट किंवा ड असेल तर इड. तिसरी-चौथीतली मुलं घशाला हात लावून लावून पूर्ण वर्ग डोक्यावर घेतात, त्याची तयारी ठेवा.

जमतंय का ते कसं बघायचं

परीक्षा घेऊ नका. गोष्ट माहीत नसलेल्या कोणाला तरी, शेजारच्या ताईला, दुसऱ्या वर्गातल्या बाईंना, मुलाने गोष्ट सांगायची आणि त्या माणसाने किती वेळा "काय?" विचारलं ते फक्त आपण मनात धरायचं. दोन महिन्यांपूर्वीचा आणि आत्ताचा मोबाइलवरचा व्हॉइस नोट शेजारी शेजारी ऐकला तरी कळतं. तो नोट पालकांच्या ग्रुपवर टाकू नका, मुलाला नंतर कळतं आणि पुढच्या वेळी ते रेकॉर्डिंगसमोर पोपटासारखं बोलतं. आईबाबांना ऐकायचाच असेल तर त्यांनी येऊन वाघ व्हावं.

घरी सराव म्हणून वेगळं काही बसवायला नको. लोकलमध्ये पुढील स्टेशन, अगला स्टेशन, नेक्स्ट स्टेशन अशी तिन्ही भाषांत अनाउन्समेंट होते, तिची नक्कल मुलं आपोआप करतात, फक्त विचारायचं की "नेक्स्ट स्टेशन" मध्ये उभं कोण आणि बसलेलं कोण. नेSSक्स्ट, स्टेSS-शन. शन बसलेला. पुढच्या स्टेशनपर्यंत हा वाद पुरतो, आणि एक गोष्ट संपून दुसरी घ्यायची तेव्हा मी मुलांनाच विचारते कुठली, हल्ली चिमणीचं मेणाचं घर मागतात, "ओपन द डोर" आणि "वेट, वेट, वेट," म्हणजे व परत आलाच.